गुरुवारची हजेरी

माझे दीर पालिकेच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. मैदानावर रेघा आखायची पांढरी फक्की ते स्वतःच्या हाताने मारायचे, त्यामुळे त्यांचे बूट बाराही महिने पांढरे असत आणि मुलं त्यांना फक्की सर म्हणत. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं. "काळं काही ठेवलं नाही ना नाव, मग झालं तर," असं म्हणून हसायचे.

त्यांनी लग्न केलं नाही. माझे यजमान गेले तेव्हा "वहिनी, तुम्ही कुठे जायचं नाही," एवढंच बोलले आणि दोन खोल्यांतली उजेडाची खोली मला देऊन स्वतः स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत गेले. तिथे एक खाट, एक टेबल आणि टेबलावर शाळेचे कागद. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे. फुटबॉलच्या सरावाचा हजेरीपट ते दर सोमवारी सकाळी पट्टीने आखायचे, आणि मुलांचे रकाने मोकळे सोडून प्रशिक्षकाच्या ओळीत मात्र शनिवारपर्यंतचं 'हजर' एकदमच लिहून टाकायचे. एखाद्या दिवशी खाडा झालाच, तर शनिवारी लाल शाईने दुरुस्त करायचं. बावीस वर्षं प्रशिक्षक ते एकटेच, आणि ते खाडा करणारे नव्हेत, त्यामुळे लाल शाईची दौत वाळून गेली होती.

"भावोजी, उद्याचं जेवणही आजच जेवून घ्या," मी म्हणायची.

"वाढा की," ते म्हणायचे.

मग आमच्या वॉर्डाचे नगरसेवक, ज्यांना सगळे साहेब म्हणत, शाळेत फुटबॉल शिकवायला यायला लागले. या माणसाबद्दल निम्मं शहर हात जोडून बोलायचं आणि निम्मं शहर दार लावून घेऊन. त्यांनी पाणी आणलं, रस्ते केले. त्यांच्या माणसांनी लोकांची दुकानंही पाडली, आणि जो बोलला त्याला चोप बसला. दोन तक्रारी अजून चालू होत्या. पेपरात आलं की स्वतःचं नाव सुधारण्यासाठी हा शाळेत शिरला. असेलही. पण खेळ त्यांना येत होता, हे मात्र खोटं नाही. ते आणि भावोजी याच शाळेच्या संघात एकत्र खेळलेले, ते पुढे आणि भावोजी गोलात. पहिल्याच दिवशी ते भावोजींच्या खांद्यावर हात टाकून मुलांना म्हणाले, "हा माझा गोली. याने एवढे गोल खाल्ले की मला प्रत्येक वेळी एक जास्त मारावा लागायचा. म्हणून मी शिकलो." मुलं खो खो हसली. भावोजीही हसले.

वर्षभरात संघ पालटला. पहिल्या फेरीत घरी येणारी पोरं उपांत्य सामन्यापर्यंत गेली. साहेब भर उन्हात त्यांच्याबरोबर पळायचे, चुकला त्याला शिव्या द्यायचे आणि मग त्याच्याच बुटाची नाडी वाकून बांधायचे. भावोजींकडे चेंडू, फक्की आणि हजेरीपट उरला. मला राग यायचा. ते म्हणायचे, "वहिनी, पोरं खेळतायत ना! मला काय करायचंय?" आणि दर सोमवारी प्रशिक्षकांच्या दोन ओळी भरायचे, एक स्वतःची, एक साहेबांची.

मैदानाच्या भिंतीला लागून एक सायकलवाला बसायचा. शाळेच्या सगळ्या चेंडूंत हवा तोच भरून द्यायचा, कधी मोबदला घेतला नाही. भिंत मागे घेऊन रुंद फाटक करायचं साहेबांनी ठरवलं, तेव्हा त्यांच्या माणसांनी त्याला उठ म्हटलं. तो उठला नाही. एका गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता माणसं आली, त्याच्या टपरीचं छप्पर ओढलं, आणि त्याच्याच लोखंडी पान्याने त्याच्या उजव्या हाताची बोटं ठेचली. त्याने तक्रार दिली की साहेब स्वतः तिथे उभे होते आणि 'हात बघून घ्या याचा' असं बोलले.

त्या दिवशी सराव लांबच्या मैदानावर होता. साहेब आलेच नव्हते. भावोजींनीच मुलांना पळवलं होतं.

पोलिसांनी ती पालिकेकडे ढकलली आणि पालिकेने चौकशी अधिकारी नेमला. साहेबांनी सांगितलं, "त्या वेळी मी मुलांबरोबर होतो. शाळेचा हजेरीपट बघा." हजेरीपट शुक्रवारी सकाळीच मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, अंतिम सामन्याच्या कागदांसाठी मागून घेतला होता. शनिवारची लाल शाई त्यावर पडलीच नव्हती. गुरुवारच्या रकान्यात साहेबांच्या नावापुढे भावोजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, हजर.

हे कळलं त्या संध्याकाळी भावोजी बूट न काढताच आत आले. फरशीवर पांढरी पावलं उमटली. 

"मी सोमवारीच लिहिलं होतं, वहिनी," ते म्हणाले. "सोमवारी!"

"मग तसं सांगा."

"सांगितलं की नोकरी जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

ते खाटेवर बसले. "तर त्याची बोटं खोटी ठरतील."

दुसऱ्या दिवशी साहेब आमच्याकडे आले. एकटेच. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले, माझ्याकडून पाणी मागून घेतलं. धमकी येईल म्हणून मी ओट्यापाशी उभी राहिले. धमकी आली नाही.

"मी तुला लिही म्हणालो होतो का?" त्यांनी विचारलं.

"नाही," भावोजी म्हणाले.

"मग? तुझंच अक्षर आहे ना?"

"तू नव्हतास तिथे."

"तीन आठवड्यांनी अंतिम सामना आहे. मला आत टाकलं तर पोरांना कोण नेणार? तू? बावीस वर्षं नेत होतास की! कुठवर नेलंस?"

 मला राहवलं नाही. "साहेब, त्या माणसाला आता मुठीत चमचा धरता येत नाही," मी म्हणाले.

"वहिनी, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. आणि चेहऱ्यावरून तरी त्यांना ते खरंच वाटत असावं. पेला त्यांनी स्वतः धुऊन पालथा घातला आणि गेले.

चौकशीच्या दिवशी मी बरोबर गेले. देवाला एकच मागितलं होतं, भावोजींची जीभ अडखळू देऊ नकोस. ती अडखळली नाही. भावोजींनी उभं राहून सगळं सांगितलं, सोमवारचं, लाल शाईचं, शुक्रवारी पट नेल्याचं. सायकलवाला समोरच्या बाकावर हाताला फडकं गुंडाळून बसला होता. पहिल्यांदाच त्याने मान वर केली.

अधिकारी शांत माणूस होता. त्याने पट चाळला. "म्हणजे दिवस उगवायच्या आधीच तुम्ही हजेरी लावता?"

"हो. पण शनिवारी..."

"किती वर्षं?"

"बावीस."

"मग या बावीस वर्षांतलं कुठलं 'हजर' खरं धरायचं, ते सांगा."

 खरं तर सगळंच खरं होतं, त्या एका गुरुवारखेरीज. पण ते आता कोणाला पटणार?

मग मुलांना एकेक करून बोलावलं. अठरा मुलं. अठराही जणांनी सांगितलं, साहेब आमच्याबरोबर होते, सहा वाजेपर्यंत. त्यांना कोणी पढवलं होतं असं मला वाटत नाही. त्यांना फक्त सामना हवा होता. गोलात उभा राहणारा मुलगा, ज्याला भावोजींनी झेप घ्यायला शिकवलं, तो बाहेर पडताना थांबला. "सर, तुम्हाला आमचं चांगलं झालेलं बघवत नाही का?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गेला.

निकाल आठ दिवसांत लागला. तक्रारीला आधार नाही. हजेरीपट खोटा लिहिल्याबद्दल खेळाच्या शिक्षकाला निलंबित करावं. मोठ्या बाईंनी कागद शिपायाच्या हाती घरी पाठवला, स्वतः आल्या नाहीत.

भावोजी सायकलवाल्याच्या घरी गेले. मी नको म्हणत होते, पण गेले, म्हणून मीही मागोमाग गेले. तो दारात बसून डाव्या हाताने एक नट पिळत होता. नट दर वेळी सुटून खाली पडायचा, तो उचलायचा आणि पुन्हा लावायचा.

"मी खरं सांगितलं," भावोजी म्हणाले.

"ऐकलं मी. तिथेच होतो ना."

"माझी चूक झाली."

त्याने नट उचलला. "सर, तुम्ही काहीच लिहिलं नसतंत, तर माझा नुसता शब्द तरी उरला असता. आता तोही गेला." आवाजात राग नव्हता. आतून त्याच्या बायकोने विचारलं, "कोण आलंय?" तो म्हणाला, "कोणी नाही." आणि आम्ही दोघं समोर उभे असताना त्याने हळूच दार लोटून घेतलं.

संघ अंतिम सामना जिंकला. भावोजींना ते मीच सांगितलं. त्यांनी गोल कोणी मारले ते विचारलं, मला नावं सांगता आली नाहीत. निलंबनाला आता दीड वर्ष होत आलं. ते सकाळी उठतात, दाढी करतात, आणि बूट घालून जायला मैदान नाही म्हणून अनवाणीच खाटेवर बसून राहतात. मी देवापुढे बसते, पण कोणासाठी काय मागावं ते सुचत नाही. बोटं परत यायची नाहीत, आणि साहेब यंदा महापौर होणार असं सगळे म्हणतात.