उकिरड्यातली कातरणं

काल बायकोने टेबलावर अंथरायला नवं प्लॅस्टिक उलगडलं आणि त्या वासाने मला एक्काहत्तर सालच्या उन्हाळ्यात, श्रीगोंद्याजवळच्या आमच्या मळ्यात नेलं. मी नगरला प्लॅस्टिकच्या पिशव्या शिवणाऱ्या दुकानात कामाला होतो. तिथली मऊ, रंगीत कातरणं पोत्यांनी आणून मी विहिरीच्या वरच्या अंगाला असलेल्या उकिरड्यात पुरत असे. शेणाबरोबर सगळंच कुजतं, अशी माझी खात्री होती. त्या उन्हाळ्यात शेतात खत टाकायला उकिरडा उकरला, तर जुनी कातरणं तशीच निघाली, फक्त पापडासारखी कडक. गरोदर वहिनीने एक उचललं, तर ते हातातच मोडलं. "भावजी, लोन्यावानी मऊ हुतं की हे. मऊपना कुठं गेला?" "जिरला मातीत," मी म्हणालो. "अन् मातीतलं कुठं जातं?" भाऊ हसला, "तलाठ्यावानी चौकशी नको करू, पानी आन." ती कळशी घेऊन विहिरीवर गेली. पाण्याला बरेच दिवस एक वास येत होता. तो दुकानातलाच, हे मला त्या क्षणी कळलं आणि तरी मी तिला अडवलं नाही. तिने पहिला तांब्या मला दिला, मग स्वतः घटाघटा प्यायली. काल ते प्लॅस्टिक मी बायकोला पुन्हा गुंडाळून ठेवायला लावलं.