पळणाऱ्यांचं असंच असतं

आमच्या लॅबमधल्या एका खोलीत भर दुपारी रात्र असते. उंदीर अंधारात पळतात आणि आम्ही दिवसा कामाला येतो, म्हणून त्यांचं घड्याळ उलटं केलेलं आहे. सकाळी दिवे मालवायचे, संध्याकाळी लावायचे. दिवसभर एक मिणमिणता लाल दिवा. पिंजऱ्यांमधली चाकं कुरकुरत असतात आणि उंदीर त्यांत पळत असतात, कुणी न हाकलता. त्या आवाजानं पूर्वी मला गुंगी यायची. आता आत जाण्याआधी मी दाराशी जरा थांबते.

काम सांगायला सोपं आहे. काही उंदरांत हृदयाची भिंत जाड करणारा जनुकीय दोष आहे, काहींत नाही. काहींना पळायला चाक मिळतं, काहींना नाही. मी त्यांना भूल देते, छातीवरचे केस मलमानं काढते, पंजे कोमट पट्टीला चिकटवते आणि छातीवर सोनोग्राफीचा प्रोब टेकवते. आमचं यंत्र माणसांच्या सोनोग्राफीपेक्षा कितीतरी बारीक दाखवतं. हिरव्या तुरीच्या दाण्याएवढं हृदय पडद्यावर तळहाताएवढं होऊन धडधडतं. मी त्याची भिंत मोजते. दोष कोणत्या उंदरात आहे हे मला सांगत नाहीत, नाहीतर मोजताना मन आधीच कौल देऊन बसतं. ती यादी बंद पाकिटात, प्रमुख बाईंच्या कपाटात असते.

कन्नडला, आमच्या गावी, माझं नाव ‘उंदरांची डॉक्टरीण’. भाऊबंद म्हणायचे, “आमच्या वावरात या की मग, लई पेशंट हायेत.” माझा थोरला भाऊ, दादा, मात्र हसायचा नाही. मी बोलेन ते त्याला प्रमाण. तरुणपणी सैन्यात जायचं म्हणून तो पळायला लागला होता. भरती हुकली, पळणं सुटलं नाही. रोज घाटाच्या रस्त्यानं पळून यायचा आणि मग उसाला पाणी द्यायला जायचा.

एकदा तो एक कागद घेऊन लॅबवर आला. एसटीच्या पाटीवर संभाजीनगर, त्याच्या तोंडी अजून औरंगाबादच. गावातल्या तपासणी शिबिरात त्याचा इको काढला होता, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. भुलीतला उंदीर सहकारिणीच्या हवाली करून मी व्हरांड्यात आले, हातात मोजे तसेच.

“हे बघ गं. भिंत जाड हाय म्हनतेत. मोठ्या डॉक्टरला दाखवा म्हनले. मला तर घाट चढून बी दम लागत नाय.”

मला घाई होती. कागदावरून नुसती नजर फिरवली. चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या भिंती जाड होताना मी त्या महिन्यात रोज पाहत होते. मी म्हणाले, “पळणाऱ्यांचं असंच असतं, दादा. कमावलेलं हृदय आहे तुझं.”

त्याचा चेहरा उजळला. कागदाची घडी खिशात घातली आणि गुलमंडीतून लेकीला ड्रेसचं कापड घेऊन जातो म्हणाला. चहासुद्धा घेतला नाही.

पाकीट श्रावणात उघडलं. माझ्या वहीत एका उंदरापुढे शेरा होता: ‘भिंत जाड, पळण्यामुळे.’ उजव्या कानाला दोन खाचा असलेला, सगळ्यांत जास्त पळणारा उंदीर. आदल्याच आठवड्यात तो चाकात मेलेला सापडला होता. यादीत त्याच्यापुढे दोषाची खूण होती. मला लगेच दादाचा कागद आठवला. तरी मी फोन केला नाही. फोनवर काय सांगायचं, माझं चुकलं म्हणून? ज्या घरात माझा शब्द म्हणजे वेदवाक्य, तिथं? पोळ्याला जायचंच आहे, तेव्हा समोर बसवून सांगू, असं मी ठरवलं. माझं सगळं शहाणपण म्हणजे वरातीमागून घोडं.

पोळ्याच्या आठ दिवस आधी दादा घाटात गेला. दूधवाल्याला रस्त्याच्या कडेला सापडला, बूट पायात. घरी सगळे म्हणाले, पळता पळता गेला, देवानं चांगलं मरण दिलं. मीही मान हलवली. त्या मान हलवण्याची मला अजून किळस येते.

तेव्हापासून त्या अंधाऱ्या खोलीत चाकांच्या आवाजात मला त्याची पावलं ऐकू येतात. भ्रम आहे, मला कळतं, शास्त्र शिकलेली बाई आहे मी. पण एखाद्या क्षणी सगळी चाकं एकदम थांबतात आणि मी वळून दाराकडे बघते. कागद घेऊन तिथं कुणी उभं नसतं.

यंदा दादाची लेक पोलीस भरतीच्या तयारीसाठी माझ्याकडे राहायला आली. सकाळी छावणीतल्या मैदानावर पळते. परत येताना जिन्यात तिचा श्वास ऐकू येतो, नाकानं दोनदा, तोंडानं एकदा, हुबेहूब दादाचा. असा दोष बापाकडून लेकीत येण्याची निम्मी शक्यता असते, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून समजावते. तिला मात्र तीन महिने नुसते पोहे करून घातले. वर्दी हेच तिचं स्वप्न होतं, आणि ते मोडायचं तर आधी मला तोंड उघडावं लागणार होतं. मी भित्री आहे, दुसरं काय.

मग एका सकाळी ती जिन्याच्या मधल्या पायरीवरच बसली. “काय नाय आत्या, जरा अंधारी आली. ऊन लई व्हतं.” आठ वाजले होते, जिन्यात ऊन नव्हतं.

त्याच दिवशी मी तिला दवाखान्यात नेलं. भरतीला लागतं असं खोटं सांगितलं. ती डाव्या कुशीवर झोपली, तिथल्या ताईंनी जेल लावून प्रोब टेकवला. मी पायाशी बसले. मोजायचं नाही असं ठरवलं होतं, पण डोळ्यांना सवय. भिंत जाड होती. ताईंनी प्रोब तिथंच धरून पुन्हा मोजलं, म्हणजे त्यांनाही दिसलं होतं.

लेकीनं माझा चेहरा वाचला. “जाड हाय का? मग काय झालं, पळणाऱ्यांचं असंच असतं. पप्पांचं बी तसंच व्हतं. मोठ्या डॉक्टरला दाखवलं व्हतं त्यांनी, ते सांगायचे.”

म्हणजे घरी जाऊन त्यानं असं सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरला दाखवलं.

“तो डॉक्टर मी होते,” मी म्हणाले. “आणि माझं चुकलं होतं. मला कळलं, तेव्हाही मी त्याला फोन केला नाही. तू आता पळायचं नाहीस.”

तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पडद्याकडेच बघत राहिली. ताई म्हणाल्या, श्वास रोखून धरा. आम्ही दोघींनी धरला.