शलाकाची न सापडलेली घटना

ठाकूरद्वारला भाजी घेत होते, तेव्हा शलाकाच्या आईंचा फोन आला. “मीना, शलाका गेली गो,” एवढंच त्या बोलल्या. आजार ठाऊक होता, तरी लालबागला तिच्या घरी पोचेपर्यंत मला काही सुचत नव्हतं...

शलाका तावडे माझी कॉलेजातली मैत्रीण. वडील गिरणीत होते. मी शाळेत शिकवू लागले, ती म्युऑनच्या मागे गेली. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ. तो क्षणात मोडतो, त्याचा इलेक्ट्रॉन होतो आणि सोबत दोन न्यूट्रिनो, म्हणजे सहसा हाती न लागणारे कण, निघतात. न्यूट्रिनो न निघता नुसता इलेक्ट्रॉन आणि प्रकाशाचा एक कण निघाला, असं कुणीच कधी पाहिलेलं नाही. एकदा जरी नक्की दिसलं, तरी आजवरचे नियम अपुरे ठरतील. त्या ‘एकदा’साठी ती वर्षातले काही महिने परदेशातल्या प्रयोगावर असायची. परतली की आई विचारायच्या, “गावलां काय गो?” ती “नाय” म्हणायची आणि दोघी जेवायला बसायच्या.

एकदा मात्र सापडल्यासारखं झालं. यंत्रानं टिपलेल्या एका घटनेत ऊर्जा जुळली, दिशाही जुळली. पथकातली तरुण मंडळी हरखली, जाहीर करायची भाषा सुरू झाली. शलाकानं सगळ्यांना थांबवलं आणि लालबागच्या घरात बसून कित्येक आठवडे त्या एकाच घटनेची वेळ पुन्हा पुन्हा तपासली. शेवटी तिनंच दाखवून दिलं, की इलेक्ट्रॉन एका म्युऑनचा होता आणि प्रकाशकण दुसऱ्याचा. दोघं योगायोगानं एकत्र आले होते. त्या दिवशी मी गेले, तर ती कोळंबी सोलत बसली होती. वाईट वाटलं का, म्हणून मी विचारलं.

“रडले सकाळी. पण ते आपलं नव्हतं गं. आता वेळ आणखी बारीक मोजता आली पाहिजे.”

त्यासाठीच नवं यंत्र उभं राहत होतं आणि तेव्हाच आजार निघाला. परळच्या हॉस्पिटलातून आली, की ती विद्यार्थ्यांना घरी बोलावून यंत्राचे भाग तपासायची. यंत्र सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. मी एकदा म्हटलं, “जरा पडून राहा. यंत्र चालू होईल तेव्हा तू...”

“मी नसेन,” तीच म्हणाली. “म्हणून तर आत्ताच नीट करायचंय.”

परवा तिच्या खोलीत गेले. टेबलावर पारदर्शक प्लॅस्टिकची एक लांब पट्टी होती. अशा पट्टीतून कण गेला, की आपल्याला दिसणार नाही इतका बारीक प्रकाश चमकतो. तिनं स्वतः घासून गुळगुळीत केलेली ही शेवटची पट्टी. आई मऊ फडक्यानं ती पुसत होत्या. मी हात पुढे केला, तसा त्यांनी तो हलकेच बाजूला सारला.

“बोटां लावू नको. उद्या पोरां नेतली ती, यंत्रात बसवूक.”