चांदीच्या पट्टीवर मिठाचं पाणी

दादानं बाबांना पितळी तांब्या फेकून मारला. बँकेतली नोकरी सोडून तो आखाडा चालवायला लागला, त्यावरून घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या आमच्या घरात रोजच जुंपायची. बाबा निवृत्त मास्तर, जिभेला हाड नाही. ते त्याला पोसलेला रेडा म्हणाले आणि तांब्या सुटला. डाव्या नडगीची कातडी फाटून आतलं हाड दिसलं. बाबांना कित्येक वर्षांचा मधुमेह. अशा जखमेनं पाय जातो हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी वाघोडियाच्या एका कारखान्यात नेमका याच जखमांसाठी धागा काढते. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारा पदार्थ आम्लात विरघळवायचा, त्यात डोळ्यांना न दिसणारे चांदीचे कण मिसळायचे, बारीक छिद्रांतून दाबून तंतू काढायचे आणि त्यांची पट्टी करायची. चांदी जंतूंना फोडून मारते. त्याचे फोटो मी पाहिलेत आणि मला ते बघायला आवडतात, खोटं कशाला बोलू. सर्जननी तसलीच पट्टी लिहून दिली. कोळंबीचं मी आमच्या शाकाहारी घरात काही बोलले नाही, नाहीतर बाबांनी ती खिडकीतून भिरकावली असती.

दादा ढसाढसा रडला. पट्टी मीच बदलणार म्हणून हटून बसला आणि बाबा लगेच हो म्हणाले. मला सकाळी कंपनीची बस असायची. मी निर्जंतुक डिस्टिल्ड पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या आणि त्याला बजावलं, जखम यानंच धुवायची, पट्टी यानंच ओली करायची. त्यानं मान हलवली.

सुट्टीच्या दिवशी उशिरा उठले तर घरात कुजका वास. दादा खाली बसून कोमट पाण्यानं जखम घासत होता आणि बाबांनी टॉवेल दातांत धरला होता. नवी पट्टी परातीतल्या त्याच पाण्यात भिजत पडलेली, करडी झालेली. मी बोट बुडवून चाखलं. मीठ.

"डिस्टिल्ड पाणी तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ने," दादा म्हणाला. "ते बाबांच्या जखमेत कसं घालू? आखाड्यात सगळ्यांना मिठाचंच लावतो. सगळ्यांची भरते."

मिठातलं क्लोराइड चांदीला धरून बसतं. मग ती पट्टी नुसती चिंधी. हा रोज चांदी मारत होता आणि जखमेच्या कडा काळ्या पडत चालल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. मी ती परात उचलून त्याच्या पाठीत घातली, मग खांद्यावर, मग तोंडावर. ओठ फाटला, फरशीवर रक्त आणि मिठाचं पाणी. भल्याभल्या पहिलवानांना लोळवणारा माणूस हात खाली सोडून उभा राहिला, त्यानं मला आणखीच चेव आला. "दोनदा मारलंस तू त्यांना, मेल्या," मी ओरडले आणि त्याचा गाल ओरबाडला. बाबा थांब थांब म्हणत होते. मी थांबले नाही.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. साखर इतकी असताना तो तसाही गेला असता कदाचित, असं सर्जन म्हणाले. मला ते पटलेलं नाही. आजही आठवलं की हात शिवशिवतात.

बाबांना घरी आणल्यावर मी रजा टाकली. पहिल्या सकाळी हात धुतले, पट्टीचं पाकीट फाडलं आणि त्यांचा थोटा पाय वर घेतला. बाबांनी माझं मनगट पकडलं, नखं रुतेपर्यंत.

"त्याला बोलाव."

"पाय घालवला त्यानं तुमचा. आता गुडघाही घालवायचाय?"

"तू समोर उभी राहा. पाणी तू दे, शिव्या घाल हव्या तेवढ्या. पण हात त्याचा लागू दे." बाबांचा आवाज फाटला. "काल मला विचारत होता, मी नसलो तर तुमचं चालेल ना. कळतंय का तुला, तो काय विचारत होता?"

मला कळलं. राग तसूभरही उतरला नाही, पण कळलं. मी दादाला हाक मारली. तो आला, ओठावर खपली, दारातच उभा राहिला. मी बाटलीचं सील तोडून ती त्याच्या हातात दिली, आणि बाबांनी आपण होऊन तो थोटा पाय त्याच्या पुढ्यात सरकवला.