चष्मा पुसणारा पत्रकार

सिनेमा सुटल्यावर मी आणि मावशी समोरच्या हॉटेलात चहाला बसलो. शेजारच्या टेबलावर कॉलेजची मुलं त्याच सिनेमावर बोलत होती. खोटी बातमी लिहून झाल्यावर त्यातला पत्रकार शांतपणे चष्मा पुसतो, ते एकानं हुबेहूब करून दाखवलं. "काय काम केलंय राव!" म्हणत सगळे हसले.

"पण त्या नर्सचं पुढे काय झालं?" एका मुलीनं विचारलं.

"कोण नर्स?"

"अरे, जिच्यावर त्यानं ती बातमी लिहिली."

"ती गेली ना गाव सोडून, इंटरव्हलच्या आधीच," म्हणत त्यानं पुन्हा चष्मा काढला.

मावशी बशीत चहा ओतत होती. तीही नर्स होती. दवाखान्यातली औषधं विकल्याची खोटी बातमी तिच्यावरही आली होती, पहिल्या पानावर, फोटोसकट. खुलासा पुढे कधीतरी आला, आतल्या पानावर, हवामानाच्या खाली. बातमी अख्ख्या गावानं वाचली, खुलासा फक्त आम्ही घरच्यांनी.

खोटं लिहिणाऱ्यावर सिनेमा निघतो. त्याची ढब, त्याची बोटं, त्याचं एकटेपण आपण मन लावून बघतो. जिच्यावर लिहिलं, ती कुठल्या गावाला गेली, तिथं तिला कुणी घर दिलं का, हे विचारायचं राहूनच जातं.

"सिनेमातल्या त्या बाईचं नाव काय होतं रे?" मावशीनं हळूच विचारलं.

मी खूप आठवून पाहिलं. मला फक्त त्या पत्रकाराचं नाव आठवत होतं.