लूमवाल्यांचे कान

सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्या गल्लीत हर्षदाला सगळे डॉक्टरीण म्हणत, आणि हर्षदा डॉक्टरीण नव्हती. हे तिने गल्लीला पहिल्या वर्षी समजावलं, दुसऱ्या वर्षी समजावलं आणि तिसऱ्या वर्षी नाद सोडला. इंजिनीअरिंग कॉलेजात ती बायोमेडिकल शिकत होती. म्हणजे दवाखान्यातली यंत्रं. ती बनतात कशी, बिघडतात कशी आणि पुन्हा चालू करायची कशी. "मी पेशंटला हात लावत नाही, मशीनला लावते," असं ती सांगे. शेजारच्या सुभद्राबाई हे सगळं शांतपणे ऐकून घेत, मान डोलावत आणि मग जीभ बाहेर काढून दाखवत.

पुढे गल्लीला निम्मं कळलं, आणि ते जास्त महागात पडलं. पोरगी मशीन दुरुस्त करते म्हटल्यावर मिक्सर आले, इस्त्र्या आल्या, एका घरातून चक्क शिवणयंत्र आलं. कोणीतरी बीपी मोजायचं यंत्र घेऊन आलं. त्या यंत्राच्या मते त्या घरातली सगळी माणसं केव्हाच वारली होती. हर्षदाने सेल बदलले आणि सगळे पुन्हा जिवंत झाले. तेवढ्यावर तिचं नाव पार भेस्तानपर्यंत पोचलं. अमळनेरहून आलेल्या एका स्थळाने मात्र बायोडाटा वाचून विचारलं, मुलगी मेडिकल दुकानात सकाळी बसते की संध्याकाळी? तिच्या आईने, मालतीबाईंनी, त्या पाहुण्यांना चहा दिला, पण पोहे झाकूनच ठेवले.

खरं सांगायचं तर तिला कॉम्प्युटर हवं होतं. ते मिळालं नाही, बायोमेडिकल मिळालं, आणि ती दोन दिवस तोंड पाडून बसली होती. तिचे वडील लोटूआबा मात्र खुशीत. उधन्याच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, ते तरुणपणी पारोळ्याहून येऊन चिकटले ते आजतागायत तिथेच. त्यांचं सगळं आयुष्य मशीनशी बोलण्यात गेलेलं. आपली पोर मशीनची डॉक्टर होणार यापेक्षा मोठी गोष्ट त्यांच्या डोक्यात मावत नव्हती. त्यांनी खात्यात पेढे वाटले आणि काय शिकणार ते सगळ्यांना हातवाऱ्यांनी सांगितलं.

हातवाऱ्यांनी, कारण खात्यात दुसरा इलाज नाही. सगळे लूम एकदम सुरू असले की तिथे तोफ उडाली तरी शेजारच्याला कळायची नाही. म्हणून तिथली माणसं ओठांनी आणि हातांनी बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. हर्षदा लहानपणी डबा घेऊन जायची तेव्हा तिने आबांचं आणि त्यांच्या जोडीदार सुकलालकाकांचं एक कडाक्याचं भांडण पाहिलं होतं. दोघं दोन टोकांना, मध्ये लूमची रांग, एकाचाही आवाज नाही, आणि तरी शेवटी सुकलालकाका चांगलेच दुखावलेले.

घरी आबा फार शांत. मालतीबाई चुलीपाशी पाठ करून कितीही फैरी झाडोत, हा माणूस पेपरातून मान वर काढत नसे. गल्लीतल्या बायका म्हणत, नशीबवान गं तू मालती, असा सोशिक नवरा मिळायला पुण्य लागतं. मालतीबाईंना ते पुण्य कधी पटलं नाही. त्यांच्या मते तो सोशिकपणा नव्हता, बेरकीपणा होता.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट आला. हर्षदाने कान तपासायचं यंत्र करायचं ठरवलं. दवाखान्यात असतं तसं, पण पिशवीत मावेल आणि खात्याच्या दारात नेता येईल असं. एक डबी, तिला हेडफोन, एक बटण, एक फिरवायची चकती. बटण दाबलं की हेडफोन लावलेल्याच्या कानात सूर वाजतो. ऐकू आला की त्याने हात वर करायचा. चकती फिरवून सूर बारीक, जाड, लहान, मोठा करायचा आणि माणसाला कुठवर ऐकू येतं ते टिपायचं. लूमवर राबणाऱ्यांचे कान गोंगाटाने जातात आणि बारीक सूर आधी जातो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. ते आपण मोजून दाखवायचं, ही तिची हौस.

खात्याच्या सुट्टीच्या दिवशी आबांनी सगळ्या कारागिरांना घरी गोळा केलं. आंघोळ करून, तेल लावून, कोणी तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. एकेक जण हर्षदासमोर मांडी घालून बसला, मध्ये डबी. हर्षदाने बटण दाबलं की हात वर. सूर लहान केला, हात वर. इतका लहान केला की हेडफोन लावून तिला स्वतःलाही मुश्किलीने आला असता, तरी हात वरच. सुकलालकाकांनी तर एकही सूर सोडला नाही. आबाही पैकीच्या पैकी. मालतीबाईंनी सगळ्यांना चहा दिला आणि मंडळी मोठं काम फत्ते झाल्यासारखी एकमेकांच्या पाठी थोपटत गेली.

हर्षदाचे गाईड देसाईसर अस्सल सुरती माणूस. त्यांनी आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिले.

"हर्षदा," ते म्हणाले, "आ लोको लूम चलावे छे के वीणा वगाडे छे?"

वर्गातली पोरं हसली. हर्षदाचे कान तापले. सर काही दुष्ट नव्हते, पण प्रोजेक्टच्या बाबतीत कडक होते. यंत्र चुकतंय, ते म्हणाले. दुरुस्त कर, माणसं पुन्हा तपास. बाहेरचे परीक्षक येतील तेव्हा हे आकडे असेच राहिले तर मी सही करणार नाही. सही नाही म्हणजे वर्ष गेलं. गोडादऱ्याच्या डॉक्टरणीचं वर्ष गेलं, ही बातमी गल्लीत घोषणेशिवाय पसरली असती.

तिने डबी उघडली. एकेक जोड तपासला, तारा बदलल्या, कॉलेजच्या चांगल्या यंत्रासमोर ठेवून सूर जुळवून पाहिले. सगळं जागच्या जागी. आईचे कान तपासले, ते ठणठणीत निघाले, शेजारणीच्या स्वयंपाकघरातलं बोलणं आईला कसं कळतं तेही समजलं. सुभद्राबाईंचा एक कान थोडा मंद निघाला, तोही बरोबर, कारण त्या कानाचं दुखणं जुनंच होतं. यंत्र इथे शहाणं आणि लूमवाल्यांपुढेच वेडं, हे कोडं काही केल्या तिला सुटेना. तिला रडू यायचं आणि मग डबीचाच राग यायचा.

शेवटी तिने सुकलालकाकांना पुन्हा बोलावलं. काका समोर बसले, हेडफोन लावला, तिने बटण दाबलं, हात वर. दाबलं, हात वर. सगळं पहिल्यासारखंच. वैतागून तिने डबी उचलली तेव्हा दिसलं की हेडफोनची पिन डबीत खोचलेलीच नाही. ती चटईवर काकांच्या गुडघ्याशी मोकळी पडली होती.

"काका," तिने विचारलं, "आता काही वाजलं का?"

"वाजनं ना बेटा. मस्त वाजनं."

तिने पिन उचलून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. सुकलालकाकांनी पिनेकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि चोरी पकडलेल्या पोरासारखे हसले.

"तुन्या भवया वर जातस ना, तवय समजस का वाजनं," ते म्हणाले. "तुनी परीक्षा शे. आम्ही नापास व्हयनूत त तू बी नापास व्हशी ना! लोटूनी सगळासले सांगेल व्हतं, पोरना हातकडे ध्यान ठेवज्यात."

म्हणजे हे सगळं ठरवून झालेलं. परीक्षा पोरीची आणि पेपर आपण लिहायचा, असा त्या भल्या माणसांनी अर्थ लावला होता. आणि कॉपी करायला त्यांच्याइतकी तयारीची मंडळी सुरतेत दुसरी नसतील. जन्मभर लूमच्या खडखडाटात समोरच्याचा चेहरा वाचलेला. हर्षदाचं बोट बटणावर टेकायच्या आधी तिच्या भुवया हलत, आणि ते त्यांना दहा पावलांवरूनही दिसलं असतं. हर्षदा आधी चिडली, मग हसत सुटली. सुकलालकाकाही हसले, कशाला ते नीट न कळताच. काही का असेना, यंत्र बरोबर होतं! तिला उड्या माराव्याशा वाटल्या.

उपाय सोपा होता. तोंड भिंतीकडे करून बसवायचं, आणि बटण कधी नुसतंच दाबायचं, आवाजाशिवाय. आबा कामावरून आल्या आल्या तिने त्यांना हे समोर बसून सांगितलं. "आबा, यावेळी कॉपी नही. तुम्ही खरं करशात तरच मी पास." आबा थोडे खट्टू झाले.

"माले काय व्हयेल शे? माले समदं आयकू येस," ते म्हणाले, पण उठून भिंतीकडे तोंड करून बसले. समोर कालनिर्णय टांगलेलं होतं, ते वाचू लागले.

हर्षदाने हेडफोनची पिन दोनदा तपासली. आधी बारीक सूर घेतला, लहानच. आबांचा हात मांडीवर. थोडा मोठा केला. हात मांडीवरच. तिला बरं वाटलं. सर आता वीणा म्हणणार नाहीत. अजून मोठा केला, अजून मोठा. आबा आरामात तारखा वाचत होते. चकती शेवटाला आली. आता तो सूर हेडफोनच्या कडेतून बाहेर झिरपत होता, शिट्टीसारखा, खोलीभर. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या मालतीबाईंचा हात थांबला. त्यांनी वळून हर्षदाकडे पाहिलं, मग आबांच्या पाठीकडे.

"चालू कर ना बेटा," आबा भिंतीकडे पाहत म्हणाले. "कितला येळ बठाडशी?"

तव्यावरची भाकरी करपली. हर्षदाचं बोट बटणावर होतं आणि सूर वाजतच होता. आपलं यंत्र बरोबर निघावं म्हणून तिने गेले कितीतरी दिवस देवाला सांगितलं होतं. आता ते बरोबर निघालं होतं, आणि तिला वाटत होतं ते उचलून खिडकीबाहेर फेकून द्यावं.

मग तिने जाड सूर लावला. तो बराच मोठा झाल्यावर आबांनी ऐटीत हात वर केला, बघ, मी म्हटलं नव्हतं का, अशा थाटात. तिने सगळं पुरं केलं, आकडे टिपले आणि समोर जाऊन बसली. आबांनी तिचं तोंड पाहिलं.

"मशीन बराबर शे ना तुनं?"

"हा आबा. बराबर शे."

"मंग रडस कसाले?"

तिने सांगितलं. सावकाश, समोर बसून, एकेक शब्द. आबा तिच्या ओठांकडे बघत राहिले आणि पहिल्यांदाच तिला कळलं की ते नेहमी तिथेच बघत आलेत. आधी बोलल्या त्या मालतीबाई. करपलेली भाकरी हातात धरून त्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"म्हंजे मी इतला वरीस भित्तीसंगे बोलनू का?"

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि विचारलं, "काय बोलनी व्हतीस?" मालतीबाई हसल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. कानाच्या डॉक्टरकडे जायचं, ऐकायचं मशीन बसवायचं, हे त्याच वेळी ठरलं. आबांची अट एकच: आधी पोरीची परीक्षा. मालतीबाईंनी बजावलं की मशीन बसल्या दिवशी त्या पहिल्यापासून सुरू करणार आहेत.

हर्षदाने बाकीच्यांनाही एकेक करून भिंतीकडे बसवलं. सुकलालकाका सपशेल नापास झाले आणि वर तिलाच धीर देऊन गेले. देसाईसरांनी नवे आकडे पाहिले, या वेळी हसले नाहीत, आणि सही केली.

परीक्षेच्या दिवशी आबांनी खात्यातून सुट्टी घेतली. लग्नाकार्यातला शर्ट घालून ते कॉलेजपर्यंत आले आणि फाटकाशी थांबले. आत त्यांचं काय काम, असं म्हणाले, आणि रस्त्यापलीकडे चहाच्या लारीपाशी, हातगाडीला टेकून, उभे राहिले. आत परीक्षकांनी डबी उलटसुलट करून पाहिली. माणसाला भिंतीकडे तोंड करून का बसवलंय, त्यांनी विचारलं, कुठल्या पुस्तकात असं आहे? "पुस्तकात नाही सर," हर्षदा म्हणाली, "माझे वडील लूमवर आहेत." मग तिने भुवयांची गोष्ट सांगितली, आणि परीक्षकांनी एकदा मुद्दाम स्वतःच्या भुवयांना हात लावून पाहिला आणि तिथल्या तिथे तिला पास म्हणून सांगितलं.

ती बाहेर आली ती थेट दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. खाली रस्त्यावर साड्यांच्या गाठी भरलेले टेम्पो खोळंबले होते आणि सगळे मिळून हॉर्न बडवत होते. पलीकडे लारीपाशी आबा, मान वर करून कधीचे उभे. तिने हाक मारली नाही. फोनही काढला नाही. कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हणाली, "आबा, मी पास."

रस्त्यापलीकडे आबांनी हात वर केला.