पटाची गाडी, औताची गाडी

आमच्या सोसायटीत फ्लॅटमागे एकच पार्किंग. दुसरी गाडी शेजाऱ्यांच्या रिकाम्या जागेत उभी असायची, ती जागा त्यांनी परत मागितली. म्हणजे एक गाडी जाणार! माझ्या बाबांची जुनी, चौकोनी, स्टिअरिंगलाच गिअर असलेली चारदारी? की नवऱ्याची, प्रशांतची, लाल, उघड्या टपाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार? आठवडाभर भांडलो. शेवटी ठरलं, दोन्ही गाड्या घेऊन निघायचं, नागपूरहून सौंसरमार्गे पांढुर्ण्याला मामाकडे जायचं आणि रस्त्यालाच विचारायचं. निकाल माझ्याच बाजूनं लागणार याची मला खात्री होती.

सावनेरला तर्री पोहे खाल्ले. दोघांचं पोट शंभराच्या आत भरलं. तिथपर्यंत रस्ता झकास. पुढे लोधीखेड्याच्या बाजूला एका गावात गतिरोधक आला आणि लाल बाईंचं पोट खर्रकन घासलं. मागून माझी डबडी आरामात डुलत आली. मी हॉर्न वाजवला. मुद्दाम.

सौंसरच्या बाजारात मात्र सगळी गर्दी लाल गाडीभोवती.

"किती देते हो भाऊ?" एकानं विचारलं.

प्रशांतनं हळूच ॲव्हरेज सांगितलं.

"अरे बापा! मंग हे चालवता का नुसती पाहता?"

लोक हसले, पण फोटो तिचेच काढले. बाबांच्या गाडीकडे कुणी ढुंकून बघेना. मला राग आला, खोटं कशाला बोलू.

सौंसरहून पुढे आम्ही गाड्या बदलल्या. लाल गाडी मी पहिल्यांदाच चालवत होते. तिला नावं ठेवायची असं ठरवूनच बसले होते. पण वळण आलं, हात नुसता हलवला आणि ती वळली. आई शप्पथ, मी एकटीच मोठ्यानं हसले! दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे, कपाशी, तोंडावर वारा. पांढुर्णा कधी आलं कळलंच नाही. संत्री खायला यायचं तर थंडीत या आणि दुचाकीवाल्यांना जपून या.

मामींनी वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकर केली होती. जेवण झाल्यावर मामा दोन्ही गाड्यांभोवती फिरले. तरुणपणी शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्यांची जोडी धावायची. माणसं, मोटारी, सगळं ते बैलांवरूनच ओळखतात.

"जवाईबापू, हा तुमचा पटाचा बैल. औताले जुंपत नाही त्याले, पन रोज फिरवा लागते. तुमी तर बांधूनच ठेवला."

मी खूश. तेवढ्यात ते माझ्याकडे वळले.

"आन हा तुहा औताचा. हा उभा राह्यला का बसून जाते. तू काय काम घेतं याच्याकून?"

नागपुरात मी ऑफिसला मेट्रोनं जाते. बाबांची गाडी मी फक्त पुसते.

"मले दे मंग," मामी दारातून म्हणाल्या. "ट्रॅक्टर चालवतो मी. कुठं जायचं म्हटलं का यांची वाट पाहत बसा लागते."

"मी नेत नाही का तुले?" मामा म्हणाले.

"नेता नं. तुमाले सवड भेटली का."

रात्री मी उगाच गाडी पुन्हा एकदा पुसून काढली. सकाळी मी मामींना शेजारी बसवून बगीच्याच्या वाटेवर गिअर दाखवले. तिसऱ्या फेरीला त्यांनी मलाच मागच्या सीटवर बसवलं. मग मीच म्हटलं, ठेवा. पांढुर्णा मध्य प्रदेशात, राज्य बदलत असल्यानं आरटीओची एनओसी लागते, ती कामं प्रशांतनं अंगावर घेतली.

परतताना मी लाल गाडीत, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन सावनेरपर्यंत रडले. प्रशांतनं टप लावून घेतला.

आता आमची एकच गाडी आहे आणि ती भाजी आणायलाही निघते. तरी पार्किंगमध्ये गेलं की नजर बाबांची गाडी शोधते. परवा मामींचा फोन आला.

"पोरी, तिगावले बहिनीकडं आली मी. एकटीच. मामाले आत्ता फोन करून सांगतलं."

मागून बहिणीच्या हसण्याचा आवाज येत होता. "गाडी कशी आहे?" हे विचारायचं मी विसरूनच गेले. मी विचारलं, "मामी, परत कधी निघणार?"

"पाहू नं," त्या म्हणाल्या. "मनात आलं का."